रविवारी फिरणारी चकती

४ ऑक्टोबर, रविवार

बुटक्यास आशीर्वाद.

आशीर्वाद सवयीने लिहिला गेला. आता खोडत बसत नाही.

आधीच सांगून ठेवते, तुला परत बोलवायला मी लिहीत नाहीये. तीस वर्षांचा घोडा झालास, कुठे राहायचं ते तुझं तू बघ. तू गेल्यापासून माझं काही अडलेलं नाही. संध्याकाळी एकटीपुरतं शिजवते, उभ्याउभ्याच खाते, एक भांडं घासलं की झालं. उलट वेळ उरतो.

दोन गल्ल्या सोडून वेगळी खोली घेतलीस तेव्हाही मी चकार शब्द काढला नव्हता. जेवायला येत होतास, तेवढं पुरे होतं. मग ऑगस्टात एकदम दारात येऊन उभा राहिलास. दुसऱ्या गावी काम मिळालंय, उद्या निघतोय, खोली सोडत नाही, आणि ताई, माझा पत्ता मागू नकोस. का? तर म्हणे, "तू मला सारखी मोजत असतेस. किती घास खाल्ले, किती वाजता आलो, किती वेळा खोकलो."

मोजते म्हणजे काय रे? आईबाबा गेले तेव्हा तू माझ्या कमरेएवढा होतास. तुझा ताप मोजला, उंची मोजली, चड्डीचं माप मोजलं, ते बरं चाललं तुला! आणि माझा धंदाच तो. दिवसभर टेबलावर विजेचे मीटर तपासणाऱ्या बाईने संध्याकाळी घरी येऊन आंधळं व्हायचं का?

तू इथे ज्या चष्म्याच्या दुकानात कामाला होतास तिथे तुझा पत्ता असणार, मला माहीत आहे. पण सख्ख्या भावाचा पत्ता परक्यांपुढे उभं राहून मागायचा? ते माझ्याच्याने होणार नाही. म्हणून हे पत्र तुझ्या बंद खोलीच्या दाराखालून सरकवते आहे. कधी आलास तर पायाखाली येईल.

खरं तर लिहिणारही नव्हते. पण आज दुपारी तुझ्या गल्लीतून जात होते. काम होतं. तुझ्या जिन्याखाली मीटरांचा फळा आहे ना, तिकडे सवयीने नजर गेली. पाच मीटर, मधला तुझा. आणि तुझ्या मीटरची चकती फिरत होती. अगदी हळू, पण फिरत होती.

आलायस का तू?

वर जाऊन दार वाजवणार होते. मग म्हटलं नको, पुन्हा मोजायला आली म्हणशील. कागद-पेन पिशवीत होतंच, जिन्यातच बसून लिहिलं.

ताई


११ ऑक्टोबर, रविवार

बुटक्यास आशीर्वाद.

आजही फिरत होती.

तुला माझं काम कधी कळलं नाही. कळून घ्यायचंही नव्हतं, "तुझ्या त्या डब्या" म्हणायचास. तर आता नीट ऐक, कारण तू पकडला गेला आहेस.

मीटरच्या काचेआड जी ॲल्युमिनियमची चकती दिसते तिला कुठूनही तार जोडलेली नसते. तिच्या वर तारेची एक गुंडाळी असते, खाली एक. त्यांच्यातलं चुंबकत्व सारखं बदलत असतं, आणि त्या बदलण्याने मधल्या चकतीत आपोआप वीज वाहायला लागते. सरळ नाही, गोल गोल, पाण्यात भोवरे पडतात तशी. त्या भोवऱ्यांना धक्का बसतो आणि चकती फिरते. घरात जेवढी वीज जाते तेवढ्या वेगाने. बाजूला एक कायमचं चुंबक असतं, ते तिला मागे ओढून धरतं, नाहीतर ती सुसाट सुटेल. आणि घरात काहीच चालू नसेल तर ती थांबते. थांबलीच पाहिजे. तरीही उगाच फिरू नये म्हणून तिला समोरासमोर दोन भोकं पाडलेली असतात. भोक गुंडाळीखाली आलं की तिथले भोवरे तुटतात आणि चकती जागीच अडकते.

म्हणजे काय, की तुझ्या खोलीत काहीतरी चालू आहे. आणि मीटर खोटा आहे म्हणायची सोय नाही. तू खोली घेतलीस तेव्हा मी स्वतः तपासून, माझ्या नंबरचं सील ठोकून आणलाय तो.

हातातल्या घड्याळावर एक फेरा मोजला. पंख्याची चाल नव्हती. एवढं हळू फिरवायला झिरोचा दिवा लागतो.

तेव्हाच मला कळलं. आई गेल्यापासून तुला अंधारात झोप यायची नाही. दिवे गेले की किंचाळत उठायचास, मी मेणबत्ती पेटवेपर्यंत माझं बोट सोडायचा नाहीस. पुढे मिशा फुटल्या तरी उशाला झिरोचा दिवा हवाच. तुझ्या त्या आतल्या खोलीला खिडकी आहे तीही भिंतीकडे तोंड करून, भर दुपारी काळोख. तर रविवारी सुट्टीला येतोस, आतलं दार लोटून झोप काढतोस आणि जातोस, असंच ना? मला भेटायचं नसेल तर नको भेटूस. झोपतोस ना नीट, मग झालं.

मागचं पत्र दाराखाली दिसलं नाही. उचललंस वाटतं.

ताई


१४ ऑक्टोबर, बुधवार

बुटक्या,

जेवणाच्या सुट्टीत मुद्दाम येऊन गेले. मुद्दाम म्हणजे, इथून जवळच एका ठिकाणी जायचं होतं. चकती बंद. फेरे मोजायची चकतीवरची खूण काचेच्या मधोमध, हूं नाही की चूं नाही. म्हणजे तू फक्त रविवारी येतोस हे पक्कं झालं.

तुझ्या घरमालकीणबाई खालच्या दारात बसल्या होत्या. सहज विचारल्यासारखं विचारलं, भाऊ दिसतो का माझा? त्या म्हणाल्या, "नाही बाई. पण रविवारी जेवले की माझा डोळा लागतो तो दिवेलागणीलाच उघडतो. जिन्यातून हत्ती गेला तरी मला पत्ता लागायचा नाही." मग मलाच पकडून बसल्या. "तुम्ही विजेच्या खात्यातल्या ना? मग सांगा, आमचे बल्ब रविवारीच कसे उडतात? इतर दिवशी मिणमिणतात आणि रविवारी असे भगभगतात की बघवत नाही." मी म्हटलं दुसऱ्या कंपनीचे आणा. बाईंना बोलायला कुणी हवं असतं, बल्बचं निमित्त.

त्यांच्याकडे तुझ्या खोलीची दुसरी किल्ली आहे, हे त्यांनीच सांगितलं. मी मागितली नाही. ते तू लक्षात घे.

ताई


१ नोव्हेंबर, रविवार

बुटक्यास आशीर्वाद.

चकती फिरते आहे, तू वर आहेस, आणि मी खाली जिन्यात बसून तुला पत्र लिहिते आहे. कुणी पाहिलं तर काय म्हणेल! पण मला हसू येतंय.

थंडी सुरू झाली. तुझा जुना स्वेटर कोपरात फाटलाय हे मला आठवत होतं, म्हणून नवा विणला. बाह्या जरा लांब ठेवल्यात. पिशवीत घालून दाराच्या कडीला अडकवते आहे. पाय न वाजवता वर येईन आणि खाली उतरेन. आवडला नाही तर तसाच अडकवून ठेव, मी काही विचारणार नाही.

ताई


८ नोव्हेंबर, रविवार

माझ्या बुटक्या,

पिशवी नव्हती! घेतलीस.

आज काय काय लिहू असं झालंय. आधी स्वेटरचं. गळा घट्ट होत असेल तर तसं एका चिठ्ठीवर लिही आणि बाहेर सरकव. नुसतं "गळा" एवढं लिहिलंस तरी चालेल. मी उसवून देईन.

कामावर सीलवाले काका म्हणाले, "काय गं, हल्ली गुणगुणत असतेस." तुला काका आठवतात? मीटर तपासून झाला की त्याला शिशाचं सील दाबतात ते. माझ्या टेबलाला टेबल लावून वीस वर्षं बसतात आणि वर्षाला चार वाक्यं बोलतात. त्यांतलं एक त्यांनी माझ्या गुणगुणण्यावर खर्च केलं. मी म्हटलं, घसा साफ करत होते.

घरी सगळं ठीक. रेडिओ सकाळी लावते तो रात्री झोपताना बंद करते. कोण बोलतंय ते ऐकत नसते मी, पण चालू असलेला बरा वाटतो. इथे घरी तू झोपायचास त्या आतल्या खोलीत संध्याकाळी दिवा लावून ठेवते. उंदीर येतात म्हणून. परवा भाजीवाल्याने विचारलं, पाहुणे आलेत का, दोन खोल्यांत दिवे दिसतात. मी हो म्हणून टाकलं. मग पाहुण्यांसाठी म्हणून जास्तीची भाजी घ्यावी लागली, ती तीन दिवस खात होते.

पुढच्या रविवारी मी येणार नाही. म्हणजे येईन, पण पायरीवर बसणार नाही, पत्र सरकवून लगेच जाईन. तुला मोकळेपणाने येता-जाता आलं पाहिजे. मी शिकते आहे बघ हळूहळू.

तुझीच, ताई


२२ नोव्हेंबर, रविवार, संध्याकाळ

तुला आशीर्वाद नाही.

आज मी तुझ्या जिन्यात दुपारी बारापासून बसले होते. का, ते सांगते. आमच्या खात्याचं ठरलंय, फिरत्या चकतीचे मीटर काढायचे आणि सगळीकडे नवे, आकड्यांचे बसवायचे. तुझ्या गल्लीची पाळी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. नव्या मीटरला चकतीच नाही. म्हणजे तू आहेस की नाहीस हे मला लांबून कळणार नाही. म्हणून म्हटलं, एकदा समोरासमोर भेटून घेऊ. येशील तेव्हा जिन्यातच गाठायचं, रागावलास तर रागावलास.

पहिल्या मजल्यावरची मुलगी खाली गेली, वर आली. दूधवाला येऊन गेला. तू आला नाहीस. आणि चकती फिरत होती! मी बाराला आले तेव्हाच फिरत होती. म्हणजे तू आधीपासूनच आत होतास.

मग माझं डोकं फिरलं. वर आले, दार वाजवलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. हाका मारल्या. तू हूं केलं नाहीस. मी त्या दाराशी काय काय बोलले ते सगळं तू ऐकलंस, त्यामुळे इथे लिहीत नाही. समोरच्या बिऱ्हाडातल्या बाईने दार उघडून पाहिलं आणि लावून घेतलं. मला लाज नाही वाटली. तुला वाटायला हवी होती.

माणूस दारापलीकडे बसून बहिणीची हाक ऐकतो आणि मूग गिळून गप्प राहतो? स्वेटर घ्यायला बरा हात पुढे झाला!

हे शेवटचं. पुन्हा लिहिणार नाही.


६ डिसेंबर, रविवार

बुटक्या,

हे पत्र मी दाराखालून सरकवणार नाही. कुठेच टाकणार नाही. पण लिहिल्याशिवाय मला आज झोप येणार नाही.

मागचे दोन आठवडे मी तुझ्यावर धुमसत होते. सकाळी उठून पहिला विचार तोच. मग या बुधवारी टेबलावर एक मीटर तपासताना हात थांबला. घरात काही चालू नसताना चकती फिरते की नाही, ही आमची पहिली तपासणी. आम्ही त्याला मीटर रांगतो म्हणतो. वीज वापरायच्या बाजूचा फ्यूज काढायचा, म्हणजे मीटरला वीज मिळते पण घराला नाही. तरी चकती फिरली, तर मीटर रांगतो. नव्याने कामाला लागलेल्या पोरीलाही मी हे पहिल्या दिवशी शिकवते. आणि तुझ्या मीटरला इतके रविवार बघत बसले, तर एकदाही ते करून पाहिलं नव्हतं.

विसरले नव्हते. मला करायचं नव्हतं. फ्यूज काढला तर तुझा झिरोचा दिवा जाणार. तू आत झोपलेला असणार, आणि काळोखात दचकून उठणार. माझ्या हाताने तुला मी अंधारात कसं टाकू? असं मी स्वतःला सांगत होते. दुसरं जे कारण होतं ते मी मनातही पुरतं बोलले नव्हते.

आज गेले. चकती फिरत होती. फ्यूजला हात घातला. डोळे मिटून ओढला. मग तशीच उभी राहून वरच्या मजल्याकडे कान लावले. तू ओरडशील, दार उघडशील, धडाधड खाली येशील, "ताई, काय चालवलंयस!" म्हणून माझ्यावर तोंड टाकशील. मी सगळं ऐकून घ्यायला तयार होते. किती वेळ उभी होते कुणास ठाऊक.

वरून काही आवाज आला नाही. मग मी मीटरकडे पाहिलं. फ्यूज माझ्या हातात होता आणि चकती फिरत होती. त्याच चालीने.

मालकीणबाई आज जाग्या होत्या. मला पायरीवर बसलेली पाहून त्यांनी पाणी आणलं. मग एकदम आठवल्यासारखं आत जाऊन पिशवी घेऊन आल्या. "ही त्याच्या दाराला लटकलेली होती. कुणी पळवील म्हणून मीच ठेवली उचलून. तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं बघा." स्वेटरची घडीही मोडलेली नव्हती.

मी किल्ली मागितली. त्यांनी लगेच दिली.

दार आतून कशाला तरी अडत होतं, जोर लावून ढकलावं लागलं. माझी पत्रं होती ती. दाराच्या रेट्याने एकावर एक चढून भिंतीला गेलेली. एकही उघडलेलं नव्हतं. सगळ्यांवर धूळ, पहिल्यावर जास्त. आत तुझी खाट उभी करून ठेवलेली, गादी गुंडाळून दोरीने बांधलेली. झिरोचा दिवा तू सोबत नेला आहेस, नुसतं होल्डर लटकतंय.

मी गादीच्या गुंडाळीवर बसले आणि खूप रडले. घरी नसते रडले एवढी. तुझ्या खोलीत कुणी ऐकणार नव्हतं ना.

त्या दिवशी तुला काय काय बोलले मी त्या दाराशी. तू नव्हतासच.


११ डिसेंबर, शुक्रवार

बुटक्या,

हेही तुला मिळणार नाही.

तुझ्या गल्लीतले मीटर काल काढून आणले आणि आज माझ्याच टेबलावर आले. पाचांतला तुझा मी सीलच्या नंबरवरून ओळखला. भंगारात जायचे आहेत, तपासायची गरज नव्हती. पण मला कळल्याशिवाय राहवेना.

तो टेबलावर लावला. चकती थांबलेली. दोन भोकांनी तिला बरोबर धरून ठेवलं होतं. मग व्होल्टेज वाढवलं, थोडं, अजून थोडं, आणि ती निघाली. तेव्हा मालकीणबाईंचे बल्ब डोळ्यांपुढे आले. तुझ्या गल्लीच्या टोकाला तो पत्र्याचा कारखाना आहे. आठवडाभर तो सगळ्यांची वीज ओढतो, तेव्हा बल्ब मिणमिणतात. रविवारी कारखाना बंद, की गल्लीभर व्होल्टेज चढतं. बल्ब भगभगतात, उडतात, आणि तुझ्या बंद खोलीचा मीटर रांगायला लागतो. बाई मला पहिल्याच भेटीत हे सगळं सांगत होत्या आणि मी त्यांना बल्बची कंपनी बदलायला सांगितली.

राहिलं एकच, एवढ्या तेवढ्या व्होल्टेजने तो रांगावाच का. झाकण उघडलं. वरच्या गुंडाळीच्या तोंडाशी तांब्याची एक बारीक कडी असते. तिलाही तार जोडलेली नसते. पण कडी अखंड असली की तिच्यात आपोआप वीज गोल फिरते आणि चकतीला हलकासा ढोसा देत राहते, म्हणजे अगदी लहान दिवाही मोजणीतून सुटू नये. ही कडी स्क्रूने मागेपुढे करता येते. आमच्या तपासणीच्या खोलीतून कमी मोजणारा मीटर बाहेर गेला तर नाक कापल्यासारखं होतं, म्हणून सगळेच ती केसभर पुढे ठेवतात. मीही ठेवते. तुझ्या मीटरची मी त्याहून पुढे सरकवली होती. तुझा झिरोचा दिवाही त्यात दिसला पाहिजे, एवढाच तेव्हा विचार केला होता. ढोसा इतका झाला की भोकांना तो आवरेना.

स्क्रू सैल केला, कडी मागे घेतली. चकती थांबली. व्होल्टेज वाढवून पाहिलं, हलली नाही.

तेवढ्यात काका सील घेऊन आले आणि म्हणाले, "भंगाराला सील कशाला हवंय?" मी मान वर केली. मला वाटतं माझ्या डोळ्यांत पाणी असावं, कारण ते स्टूल ओढून बसले. तसे ते कधी बसत नाहीत. आणि माझ्या तोंडून सरळ निघालं, "काका, तुम्हाला माझ्या भावाचा पत्ता माहीत आहे का हो?"

"आहे की," ते म्हणाले. "त्याच्या जुन्या दुकानातून पत्ता घेऊन नाकावरचा चष्मा त्याच्याकडूनच मागवला, महिना झाला. टपालाने आला."

"मला बोलला नाहीत?"

"तू विचारलंस कधी? मला वाटलं, तुला ठाऊकच असणार. बहीण तू त्याची." मग चष्मा काढून पुसत बसले. "चष्म्याबरोबर चिठ्ठी होती. तुझी चौकशी केली होती त्याने, ताई कशी आहे म्हणून. मी उलट टपाली कळवलं, मजेत आहे, हल्ली गुणगुणत असते."

मी कपाळाला हात लावला. काकांना वाटलं डोकं दुखतंय, त्यांनी पाणी आणून दिलं. मग कागदाच्या तुकड्यावर पत्ता लिहून दिला. तुझं गाव इथून चार तासांवर आहे. मी उगाच समुद्रापलीकडे समजून बसले होते.

दाराखालची पत्रं मी गठ्ठा बांधून घरी आणली. आधी वाटलं, सगळीच्या सगळी पाकिटात घालून तुला पाठवावीत. रात्री वाचून पाहिली आणि लाजेने कान तापले. चकतीच्या फेऱ्यावर घड्याळ लावून बसले होते मी. तू म्हणशील, बघ, गेल्यावरसुद्धा मोजतच होती. आणि त्यात खोटं काय आहे? ती पत्रं तुझ्यासाठी नव्हतीच. मला कुणाशीतरी बोलायचं होतं आणि ते दार उघडणार नव्हतं, म्हणूनच मला एवढं भडाभडा लिहिता आलं.

आता खरं लिहायला बसते तर हात चालत नाही.


१२ डिसेंबर, शनिवार

चि. बुटक्यास अनेक आशीर्वाद.

तुझा पत्ता सीलवाल्या काकांकडून घेतला. त्यांच्यावर रागावू नकोस, मी मागितला म्हणून त्यांनी दिला.

त्यांनी तुला मी मजेत आहे असं लिहिलं होतं. ते बरोबर नाही. तब्येत बरी आहे, काम चालू आहे, पण मजेत नाही. मला एकटीला करमत नाही रे. संध्याकाळी कामावरून आले की दाराचं कुलूप काढायचं जिवावर येतं. तुझी फार आठवण येते. हे तुला आधी कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं तर तू अडकून पडशील असं वाटायचं. अडकू नकोस. तिथेच राहा, तुझं चांगलं चाललं असेल तर मला आनंदच आहे.

एक विचारायचं होतं. मी एकदा भेटायला येऊ का? तू म्हणशील त्या दिवशी येईन आणि संध्याकाळच्या गाडीने परत फिरेन. नको म्हणालास तर येणार नाही, आणि का नको तेही विचारणार नाही. हो किंवा नको, एवढं मात्र कळव.

कसं लिहावं ते सुचत नाहीये. तुला हे माझं पहिलंच पत्र, काही कमीजास्त झालं असेल तर सांभाळून घे.

तुझी
ताई